कडेचा पहिला टाका

सुई परत आली होती, पण उलटी. पत्र्याच्या डब्यात बाकी सगळ्या जोड्या बोंडं वर करून, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या उंचीनं लागलेल्या, आणि ही एकटी आठ नंबरची, हिरव्या बोंडाची, टोक वर करून उभी, म्हणजे हात घालणाऱ्याच्या बोटात नेमकी शिरावी अशी. हिची जोडीदारीण कुठं गेली ते विचारायची सोय नाही. विचारलं की म्हातारा म्हणणार, ‘कसली सुई?’ ... चोरी करायची तर माणसानं धड करावी. दोन न्याव्यात, दोन आणाव्यात, नाहीतर एकही आणू नये. हे अर्धवट वागणं कुठल्या शास्त्रात बसतं? चहाचा कप खाली ठेवला की मागच्या खोलीत जायचं, दार लोटून कडी घालायची, आतून साधं खाकरायचंसुद्धा नाही, आणि जेवायला हाक मारली तर असं तोंड करून बाहेर यायचं की जणू आत बसून राज्याचा कारभार बघत होता. बोलायचं काही नाही. संसारभर दुकानातल्या घड्याळांशी बोलला, उरलंसुरलं भिंतीशी. आणि आता माझ्या सुया. पाठ खाजवायला नेत असेल. पोलादी सुई, लग्नाआधीची, आणि पाठ खाजवायला.

तिनं सुई सरळ केली, तेवढ्यात ओट्यावर फोन वाजला, आणि कपाळावरची आठी जागच्या जागी विरली — हे तिचं तिलाच कळलं आणि थोडा रागही आला, की या एवढ्याशा डबीची माझ्यावर एवढी सत्ता? पण पाय ओट्याकडे वळलेसुद्धा.

फोनवरचा हा गट लेकीनं सुरू केला होता. ‘टाक्याला टाका’. ज्यांना विणकाम येत नाही त्यांनी यावं, विचारावं, शिकावं. ज्यांना येतं त्यांनी शिकवावं. मग लेकीची नोकरी वाढली, गटातली माणसंही वाढली, आणि एक दिवस ती फोनवर म्हणाली, “आई, थोडे दिवस तू सांभाळ गं. नुसतं लक्ष ठेवायचं.” नुसतं लक्ष. जन्मभर या घरात दुसरं काय केलं? चौथीच्या पुढं शाळेचं तोंड पाहिलं नाही, अजूनही वाचताना बोट अक्षराखालून सरकवावं लागतं, लिहिणं तर त्याहून अवघड. म्हणून ती लिहीतच नाही, बोलते. फोन तोंडापुढं धरायचा, खालचं बटण दाबायचं आणि बोलायचं. तिचा आवाज गटभर जातो. कुणाच्या कुणाच्या घरात, कुठल्या कुठल्या गावी, भांडी घासता घासता, बाळाला थोपटता थोपटता बायका तिचा आवाज ऐकतात आणि सुई पुढं सरकवतात... हा विचार आला की अजूनही तिच्या अंगात वारं भरतं. गटात तिला सगळे काकू म्हणतात, तिच्याहून मोठ्यासुद्धा. आणि नव्या माणसाचा फोटो आधी एकट्या तिच्याकडे येतो, तिनं अंगठा दाबला की मगच तो सगळ्यांना दिसतो. तिचे कायदे दोन. नवशिक्याला हसायचं नाही. आणि ‘उसव’ म्हणायच्या आधी एक तरी चांगली गोष्ट शोधून सांगायची. सापडत नसेल तर सापडेपर्यंत गप्प बसायचं.

घरात हे कायदे लागू नव्हते. घर वेगळं. घरात चांगलं शोधत बसलं तर संध्याकाळचा दिवा लागणार नाही.

फोटो ‘कच्चा टाका’चा होता. गटात येताना हे नाव ज्यानं घेतलं — जिनं घेतलं, बाईच ती — तिच्यावर काकूंचा जरा जीव होता. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मास्तरणीला लाडकी असू नये. पण पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, सुई कुठल्या हातात धरायची? आणि काकू म्हणाल्या होत्या, बाळा, ज्या हातानं जेवतेस त्या हातात. तर उत्तर आलं, ‘त्या हाताची जरा तक्रार आहे.’ एवढंच. ना रड, ना गोष्ट. काकूंना ते फार आवडलं होतं. त्या ओट्याला टेकून बराच वेळ बोलल्या होत्या, अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं — “मग दुसऱ्या हाताला पुढं कर पोरी, आणि त्या हाताला नुसती लोकर धरू दे. रुसलेल्याला बाजूला बसवायचं असतं, घराबाहेर नसतं काढायचं. घाबरू नकोस. उसवलं तरी लोकर कुठं जाते? लोकर तिथंच असते.”

दूध वर येत होतं. तिनं फोटोवर नुसती नजर टाकली, करडा मफलर, ठीक आहे, अंगठा दाबला, आणि गॅसकडे धावली. भांडं उतरवून परत येते तो खाली बिनगाठचं उत्तर आलेलं. बिनगाठ म्हणजे गटातली सगळ्यात हुशार बाई. तिच्या विणीत गाठ शोधायची तर भिंग घेऊन बसावं, म्हणून तिनं स्वतःच स्वतःला दिलेलं नाव. बोट सरकवत काकूंनी वाचलं: ‘हा म-फ-ल-र नसून तंबू आहे. आत किती जण राहणार ते कळवा.’

आणि तिला हसू फुटलं. काय करणार, फुटलं. कारण खरंच — पुन्हा पाहिलं तर मफलर खाली वीतभर आणि वर जाता जाता हातभर रुंद, अगदी उभा तंबू, नुसते खुंटे ठोकायचे बाकी. ती खदखदून हसली, सकाळच्या शांत घरात भांडी घुमावीत तशी, आणि हसता हसता तिच्या अंगठ्यानं बिनगाठच्या ओळीखाली हसरं तोंड उमटवलं. मग काय, पुढची मेंढी उडी मारायचा अवकाश. एकामागून एक हसरी तोंडं. काकूच हसल्या म्हटल्यावर कायदा कसला आणि काय.

ओळ चुकत कुठं होती ते मात्र तिला फोटो न उघडताच कळलं. कडेचा पहिला टाका. ओळ संपली, वीण उलटी फिरवली, आणि लोकर सुईखाली सोडायच्या ऐवजी वरून मागं ओढली की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात, एकाचे दोन दिसतात; बिचारं नवशिकं दोन्ही विणतं. दर ओळीला एक टाका जास्त. चोख मोजणाऱ्या, नीटनेटक्या माणसाचीच ही चूक होते, गबाळ्याची नाही. गबाळ्याचे टाके गळतात. जो समोर दिसेल ते इमानानं विणतो त्याचेच वाढतात... तिनं सवयीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, कड बघायला.

कडेला खूण लावली होती. ओळ कुठं सुरू होते ते कळावं म्हणून नवशिके लावतात तशी. कुणी दोरा बांधतं, कुणी कागद अडकवायची तार. इथं एक पितळेचं चाक लोंबत होतं. नखाएवढं. दातेरी.

आधी तिला फक्त चाक दिसलं. छान आहे, वाटलं, कुठून आणलं हिनं. मग चाकाचे दाते दिसले. मग दात्यांच्या मागं करडी लोकर दिसली, आणि ती लोकर तिला ओळखीची वाटली कारण ती तिचीच होती. नातवाच्या टोपीतून उरलेली, कपाटातल्या खालच्या पिशवीतली, जिला आपण उंदीर लागला म्हणून परवाच बडबडलो होतो...

फोन ओट्यावर ठेवून ती दोन पावलं मागं सरली, जसं तव्यावर पाणी पडल्यावर सरावं.

एक सुई डब्यात आणि एक गायब. अगं बाई, तुला विणायला येतं ना? मग एवढं कळू नये? ओळ पुरी झाली की सगळे टाके एका सुईवर येतात आणि दुसरी मोकळी होते. ती मोकळी सुई म्हातारा इमानानं डब्यात परत आणून ठेवत होता, डबा ओका दिसू नये म्हणून. घड्याळाच्या पोटातला केसाएवढा बिघाड शोधणारा माणूस, आणि त्याला हे सुचलं नाही की जोडीतली एकच सुई घरी आली म्हणजे दुसरीच्या अंगावर काम आहे! आणि मला तरी कुठं सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाठ खाजवत असेल म्हणे.

मग ते ‘बाळा’ आठवलं. बाळा, पोरी, माझी बाय ती, घाबरू नकोस गं... कितीदा म्हटलं असेल? ज्या माणसाला लग्नाच्या दिवसापासून ‘अहो’च्या पुढं हाक मारली नाही, ‘अहो’सुद्धा दारावर टकटक केल्यासारखं, त्याला आपण आठवड्यांमागून आठवडे बाळा म्हणतोय! आणि त्यानं प्रत्येक वेळी उत्तर दिलं — ‘होय काकू.’ ती एकटीच हसायला लागली, पण हे हसू मघाचं नव्हतं, हे तोंडावर पदर धरून आलेलं, कानाच्या पाळ्या तापवणारं, या वयात कुठून आलं कुणास ठाऊक असं हसू. होय काकू! मेला.

पण मग... तिचं हसणं मधेच अडलं. काकू कोण ते त्याला ठाऊक होतं. मी बोलते, लिहीत नाही. आवाज माझा. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परवा मागच्या खोलीच्या दाराआडून कुणी बाई बोलताना ऐकू आली होती, हळू, मायेनं, आणि आपल्याला वाटलं रेडिओ लावलाय. क्षणभर असंही वाटलं होतं की कुणाचा गोड आवाज आहे बाई, आणि कुणाला एवढं समजावतेय... ती मीच होते. दार लावून तो मला ऐकत होता. समोर बसलेलीला सोडून भिंतीपलीकडची मी.

का, ते विचारायची गरज नव्हती. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात रुसला. घड्याळाच्या दुकानाची फळी खाली आली. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी म्हणाली, हातांना बारीक काम द्या, विणकाम करा आजोबा, घरातच गुरू आहे. तेव्हा आपण काय म्हणालो? त्या मुलीसमोर, भाजी निवडता निवडता — ‘हे विणणार? यांनी मफलर विणला तर मी घड्याळ दुरुस्त करीन.’ मुलगी हसली. तोही हसला होता, नाही का? हसला होता. तोंडाच्या एका बाजूनं. तेव्हा एकच बाजू हसत होती त्याची. आणि मी मात्र... नाही, मी काही वाईट बोलले नव्हते; माझं बोलणंच तसं, सगळ्या घराला माहीत आहे, बोलते म्हणून घर उभं आहे. पण त्यानं ते लक्षात ठेवलं. रागानं नाही ठेवलं. पैज लागल्यासारखं ठेवलं. मफलर विणतोय तो. तंबू झालाय, पण विणतोय! रुसलेला हात लोकर धरतोय. तिला एकदम त्या टाक्यांकडे पुन्हा बघावंसं वाटलं, फोटो पुन्हा मोठा केला — खालचे टाके ओढलेले, रागावलेले, मधे सैल, आणि वरच्या चार-सहा ओळी... वरच्या ओळी सारख्या होत्या. हात वळत होता! डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, व्यायामवाल्या मुलीला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिला टाक्यांत वाचता येत होतं, बोट न सरकवता, घडाघडा.

फोन पुन्हा वाजला. कच्चा टाका. ‘काकू, सगळ्यांचा फार वेळ घेतला. बोटं ऐकत नाहीत. आता थांबावं हे बरं. तुमचे उपकार.’

तिनं दोनदा वाचलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंत ती केवढी, हात टेकवला तर पलीकडची ऊब लागावी. आणि आपण मघाशी खदखदून हसलो होतो. या भिंतीला टेकून. फोनमधलं हसरं तोंड राहू दे, त्यानं खरं हसूच ऐकलं असणार.

आधी ते हसरं तोंड काढावं म्हणून तिनं घाईनं अंगठा दाबला, तर त्याजागी लाल बदाम उमटला. बिनगाठच्या ओळीखाली, काकूंचा बदाम. तिनं पुन्हा दाबलं तर टाळ्या आल्या. शेवटी लेकीला फोन लावला.

“मी हसले ना, ते काढायचं कसं?”

“आई, मी मीटिंगमध्ये आहे. त्याच्यावरच परत दाब. आणि ऐक, गटात काय चाललंय? बिनगाठला काही बोलू नकोस हं. अर्धे नमुने तिचे आहेत. ती गेली तर गट बसेल.”

“तंबू म्हणाली ती.”

“मग? तूपण हसलीस की.”

“मी हसले म्हणून काय झालं? मी हसले तर सगळ्यांनी हसायचं?”

“आई,” लेक दबक्या आवाजात म्हणाली, “तू ठीक आहेस ना? दम लागल्यासारखा येतोय तुझा आवाज. बाबा बरे आहेत?”

“तुझ्या बाबांना काय धाड भरलीय,” ती म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं की आपण हे हसत म्हणालो. “मजेत आहेत. काम करतायत.”

“कसलं काम?”

“ते त्यांनाच विचार. मी कुणाच्या मधे पडत नाही.”

टाळ्या निघाल्या. मग तिनं बटण दाबून धरलं आणि गटाला ऐकू जाईल असं बोलली. “बिनगाठ, तुझा हात सोन्याचा आहे, त्यात वाद नाही. पण तू आईच्या पोटातून सुया घेऊन आली नाहीस. तुझी पहिली वीण काढ कपाटातून आणि टाक इथं, आम्हीही बघतो आत किती जण राहतात. आणि फेकून दिली असशील तर मग एवढं कर, तोंडालाही एक गाठ मार.”

मग बिनगाठचं आलं, पाचच शब्द, ‘काकू, तुम्हीपण हसलात की हो.’ मघापासून हे सगळ्यांना बरोबर दिसत होतं! तिला बिनगाठचा राग यायला हवा होता, आला नाही. पोरगी खरं बोलली. “हसले,” ती फोनला म्हणाली. “म्हणून तर एवढं बोलतेय.”

आता कच्च्या टाक्याला उत्तर द्यायचं. हेच तर काम, रोजचं. सोडून निघालेल्यांना वळवून आणण्यात तिचा हात धरणारं गटात कुणी नाही. किती जणींना परत बसवलंय, रडणाऱ्यांना, चिडणाऱ्यांना, लोकर खिडकीतून फेकून दिलेल्यांना. तिनं फोन तोंडापुढं धरला. “बाळा,” ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. बोललेलं पुसलं. पुन्हा धरला. “हे बघ पोरी...” पुसलं. तिसऱ्यांदा नुसता श्वासच गेला, तोही पुसला. कमाल आहे. अख्ख्या गटासमोर तोंड पट्ट्यासारखं चालतं, आणि एका माणसापुढं... पहिल्यांदाच तिला कळलं की हा गोड आवाज आपल्याला येतो तो समोर कुणी नसतं म्हणून. ऐकणारा दिसत नसला की माया करायला सोपं जातं, नंतर तिचा हिशेब कुणी मागत नाही. आणि त्यालाही ते माहीत होतं. म्हणून तर तो दार लावून नवशिका झाला, आणि आपल्याच बायकोकडे लांबच्या रस्त्यानं आला — गावभर फिरून, परक्याचं नाव घेऊन, होय काकू म्हणत — आणि आजच्या आधी मी त्याला हसले नाही, मी त्याला बाळा म्हटलं, आणि त्याचा हात वळला.

मग आता कुठल्या आवाजात बोलू? काकूच्या आवाजात बोलले तर खोटं होईल, कारण मला कळलंय. आणि घरच्या आवाजात बोलले तर तो म्हणेल, हिला कळलं, संपला खेळ; मफलर पिशवीत जाईल आणि हात मांडीवर. गप्प बसावं तर तो गट सोडून जाणार. कडेचाच टाका हा. लोकर वरून ओढली तर एकाचे दोन होतात आणि सगळी वीण तिरकी जाते. खालून, हळूच, पुढं आणायला हवी.

मागच्या खोलीतून काहीतरी आवाज आला. खुर्ची सरकल्याचा, की ड्रॉवर उघडल्याचा. ड्रॉवर असेल. आत ठेवतोय. बांधून ठेवतोय सगळं! ती उठली. पदराला हात पुसले, केस मागं सारले, आणि केस कशाला सारले म्हणून स्वतःलाच मनात एक शिवी दिली. डब्यातली ती हिरव्या बोंडाची सुई उचलली. सुई हलकी लागली, पहिल्यांदा बाजारातून आणली त्या दिवशी लागली होती तेवढी. दारापर्यंतचं अंतर ते काय, पण काळीज असं उडत होतं जणू पलीकडे कुणी नवंच माणूस राहायला आलंय आणि आपण त्याला पहिल्यांदा भेटायला निघालोय. त्याला आपल्याविषयी सगळं ठाऊक आहे, आणि आपल्याला त्याच्याविषयी फक्त एवढंच, की तो जे दिसेल ते इमानानं विणतो.

कडी आतून होती. तिनं ती वाजवली नाही. दाराखालच्या फटीतून सुई आत सरकवली, बोंड पुढं करून, टोक आपल्याकडे ठेवून. आत सगळं थांबलं. मग सुई पलीकडून ओढली गेली. हळू, अडखळत — उजव्या हातानं. तिला हात दिसला नाही, पण ओढ कळली.

ती दाराला तोंड लावून बोलली. आवाज आला तो काकूचाही नव्हता आणि घरचाही नव्हता. दोन्हींच्या मधला, तिनंच याआधी कधी न ऐकलेला. पण शब्द मात्र पुरेपूर तिचेच.

“अहो, ऐकताय ना? वरचे टाके सारखे आलेत, ते उसवायचे नाहीत. कड बिघडलीय; लोकर वरून ओढताय तुम्ही, ती खालून पुढं आणायची. गट सोडायचा तर मला विचारावं लागतं, आणि मी नाही म्हणतेय. आणि ते चाक ज्या घड्याळातून काढलंत ना, ते घड्याळ दुपारी टेबलावर आणून ठेवा. बोललेला शब्द मी गिळत नाही. पण शिकवताना हसायचं नाही, सांगून ठेवते.”